उंच चाकाखालचा खड्डा

बाबा,

आज दुपारी माय झोपली. आडवी होऊन, पाय लांब करून, तोंड उघडं टाकून झोपली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही कळवावं असं मला फार वेळा वाटलं नाही. खोटं कशाला बोलू. पण ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, "एक्याऐंशी वर्षांची म्हातारी दुपारची झोपली, त्यात काय मोठं?" तुम्ही तसं म्हणणार नाही. तिच्या झोपेपायी तुम्ही केवढी जमीन खणली ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून खुर्ची बाहेर टाकून, मांडीवर वही घेऊन बसले आहे. आत ती घोरते आहे, आणि ते घोरणं ऐकून मला इतकं बरं वाटतं आहे की काय सांगू.

आठ महिन्यांपूर्वी ती पलंगावरून पडली. यवतमाळला, माझ्याच घरी. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं, दीड महिन्यात हाड जुळलंही. भीती मात्र गेली नाही. आडवी केली की दोन्ही हातांनी चादर घट्ट धरायची आणि ओरडायची, "मी घरंगळून राह्यली वं, धर मले!" तेव्हापासून ती खुर्चीत बसून झोपते. झोपते कसली, डुलक्या घेते. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला आडवं झोपवा, नाहीतर पायांना जखमा होतील, आणि या वयात त्या लवकर भरत नाहीत. मी सगळं करून पाहिलं. पलंगाला कठडे लावले, गादी जमिनीवर टाकली, पाठीशी भिंत दिली, गोळ्या दिल्या. जमिनीवरच्या गादीवरून माणूस कुठे घरंगळतं का, बाबा? पण तिला वाटायचं, त्याला काय करणार! एकदा मी चिडून तिला म्हणाले, "तू नाटकं करतेस." माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. तोंडातून शब्द आधी जातो, अक्कल मागून येते. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग एका संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावत होते, तर ती आपल्याच नादात म्हणाली, "केळापूरले बंडीत किती झोप लागे वं मले." झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आता यवतमाळात बंडी कुठून आणू, आणि बैल कुठून आणू? पण चाकावरची खोली तर करता येते. लोखंडी कामाचं दुकान असलेल्या ओळखीच्या माणसाकडून मी एक ट्रेलर करून घेतला, म्हणजे जीपच्या मागं जोडायची दोन चाकांची खोली. आत एक पलंग, एक ओटा, एक खिडकी, बाहेर उतरायला पायरी. मोहल्ल्यात लोक हसले. बायांनी विचारलं, "मॅडम, आता घर विकता की काय?" बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे मी, अख्ख्या गावाला गाडी मागे घ्यायला शिकवलं, आता मी मागे काय ओढते याची त्यांना उठाठेव. मायनं तर ट्रेलर पाहून कपाळालाच हात लावला. "काहून वं, घर सोडून हे डबडं कायले?" मी म्हणाले, "केळापूरला जायचं आहे ना तुला? यात जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच्या हातानं तिनं दोन लुगडी घडी करून ठेवली.

केळापूरच्या त्या दिवसांची मला किती आठवण आहे, ते तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही गावचे सुतार, बाकी अख्ख्या गावाच्या बंड्या तुमच्या हातच्या, आणि आपली बंडी मात्र सगळ्यांत जुनी. देवीला जायचं म्हणजे पहाटेच बैल जुंपायचे, दीड दिवसाची वाट, आणि मंदिराच्या अलीकडे मैदानात तीन दिवस मुक्काम. बैल सोडले की बंडी पुढून खाली बसते, तिला टेकू द्यायचा. मग तुम्ही चारी बाजूंनी फिरून जमीन पाहायचे. मायला बंडी जरा तिरकी असली की गरगरायचं, रात्रभर उलट्या व्हायच्या, म्हणून बंडी सपाट झाल्याशिवाय तुम्हाला चैन नसायची. बाकीचे लोक खालच्या चाकाखाली दगड घालून ते उचलायचे. तुम्ही उलटं करायचे. तुम्ही उंच चाकाखाली खड्डा खोदायचे. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाले होते, "दगडावर चढवलेलं चाक रातभर हालते, पोरी. जमिनीत बसवलेलं हालत नाही." आता मी पोरांना चढावर गाडी धरायला शिकवते तेव्हा हे वाक्य जिभेवर येतं.

आणि ती परात! मुक्कामाला पोहोचल्या पोहोचल्या माय तीन दगडांची चूल मांडते आहे, पीठ परातीत काढलेलं आहे, आणि तुम्ही येऊन म्हणता, "परात दे." ती म्हणते, "कायले?" तुम्हाला बंडीच्या फळ्यांवर परातीत पाणी ओतून पाहायचं असतं, पाणी कोणत्या अंगाला जातं ते. ती पीठ पदरात घेऊन बसते आणि तुमच्या सात पिढ्या काढते. "लोकाइचे नवरे देवीले येऊन दर्शन घेतात, माहा नवरा परातीत पानी पाह्यत बसते." आजूबाजूच्या बंड्यांमधले लोक हसतात. तुम्ही हसत नाही. खड्ड्यात उतरून आणखी चार बोटं माती काढता, पुन्हा बंडी बसवता, पुन्हा पाणी पाहता. मी तुमच्यापाशी टोपली घेऊन उभी असते आणि मला फार महत्त्वाचं काम मिळालं आहे असं वाटत असतं.

एक गोष्ट लिहायची की नाही, असा विचार करत होते. लिहितेच. मी दहा वर्षांची. परतायच्या सकाळी तुम्ही बैल पाण्यावर नेले होते. बंडी खड्ड्यातून काढून उतारावर लावलेली, मागच्या बाजूनं चाकाला दगड. माय आत बसून सामान बांधत होती. मला वाटलं आपणही काही मदत करावी, म्हणून मी तो दगड काढला. बैल जुंपले नाहीत, टेकू पुरता बसला नाही, एवढी अक्कल कुठे. बंडी हळूच सरकली, मग भरधाव नाल्याकडे निघाली, आतून मायचा आवाज. बाभळीच्या झाडाला अडली म्हणून वाचलो. मायच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. तुम्ही धावत आले, आधी तिला उतरवलं, आणि मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मार पडणार. तुम्ही मारलं नाही. तुम्ही म्हणाले, "दगड लाव." मी लावला. "काढ." काढला. "कधी काढायचा?" मी म्हणाले, "बैल जुंपल्यावर." असं वीस वेळा केलं तुम्ही, सगळ्या लोकांसमोर, मी रडत होते तरी. नाकातून पाणी गळत होतं आणि तुम्ही म्हणत होते, "लाव. काढ. कधी?" आणि मग जमलेल्या बाप्यांपैकी एक जण म्हणाला, "पोरीच्या जातीले कायले हात लावू देता चाकाले?" तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "आजपासून चाक हे पोरगीच पाहीन. हिलेच समजलं आता."

बाबा, त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. खरंच सांगते. त्या दिवसानंतर आपल्या बंडीचं चाक दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. तुम्ही मला तुमच्या सुतारकामाच्या मांडवात बसू दिलं, लाकूड तासायचा वाकस हातात दिला, लोक काय म्हणतात ते आपल्या अंगावर घेतलं. मी ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा लोकांनी घड्याळं दिली, फोटो दिले, एकानं तर प्लास्टिकची फुलं दिली. तुम्ही एसटीनं आले, पिशवीतून बाभळीच्या दोन पाचरी काढल्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, आणि म्हणाले, "चाकाले लावाले." चहाही न पिता परत गेले. तेव्हा मला जरा लाजच वाटली होती. नंतर पोरगं शिकता शिकता चढावर गाडी सोडून द्यायचं आणि त्या पाचरी कामाला यायच्या. तुमचे उपकार मी कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत. आपल्या घरात तशी रीत नव्हती. आता बोलते.

तर आजची हकीकत. केळापूरच्याच वाटेवर, पांढरकवड्याजवळ एका शेतकऱ्यानं जंगलाच्या कडेला, कपाशीच्या शेताच्या धुऱ्यापलीकडे, चार तंबू आणि ट्रेलर लावायला जागा केली आहे. वाघ पाहायला येणारे लोक उतरतात तिथं. आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. जागा पाहिली तर डावीकडे उतार. मी आधी मायला खुर्ची टाकून लिंबाच्या सावलीत बसवलं, आणि गाडीतून ते पिवळे रॅम्प काढले. प्लास्टिकचे उतरते ठोकळे असतात, बाबा. खालच्या चाकामागं ठेवायचे आणि गाडी हळूच मागे घेऊन चाक त्यावर चढवायचं, जितकं हवं तितकं. ट्रेलरच्या कपाळावर काचेच्या नळीची पाणसळ लावलेली आहे, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की झालं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की चाकांना पाचर लावायची, मग जीप सोडवायची, मग पुढचा जॅक फिरवून पुढची-मागची उंची जमवायची. सगळं घरी, सिमेंटच्या अंगणात, चार वेळा करून पाहिलं होतं. दहा मिनिटांचं काम.

दहा मिनिटं! शेताच्या मालकानं लांबूनच सांगितलं, "ताई, दोन दिवसांआधी पानी पडला इथं. काळ्या मातीत हे पलास्टिक टिकन नाही." मी ऐकते का कुणाचं? चाक चढवलं, बुडबुडा मधोमध आला, मी उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत रॅम्प मातीत बसायला लागला. आधी बोटभर, मग वीतभर. बुडबुडा निघाला आपला कोपऱ्यात. मी त्याच्याखाली फळी घातली. फळीही बसली. पुन्हा काढलं, दोन फळ्या घातल्या, तर रॅम्प फळीवरून सरकून बाजूला पडला. सिमेंटच्या अंगणात शिकलेलं काळ्या जमिनीवर काय कामाचं! सुताराची पोरगी मी, आणि पाऊस पडलेल्या मातीवर प्लास्टिक मांडून बसले. तुम्ही असते तर बोलले नसते, नुसते बघत राहिले असते, ते जास्त लागलं असतं. मालक म्हणाला, "जेसीबी बोलावू काय?" त्याला मस्करी सुचत होती. माय खुर्चीतून ओरडत होती, "जेवून घे वं पोरी. सकाळपासून पोटात चहाच आहे तुया." मी म्हणाले, "आधी हे होऊ दे, मग जेवते." बारा वाजून गेले होते.

तेव्हा मला तुम्ही आठवले. मी मालकाकडून फावडं मागितलं. रॅम्प काढून टाकले, ट्रेलर पुढे ओढला, आणि उजव्या, म्हणजे उंच चाकाच्या जागी खणायला लागले. मालक मदतीला आला, मी नको म्हटलं. कशाचा एवढा ताठा होता कोण जाणे. हाताला फोड आले. चौकोनी खड्डा केला, मस्त सरळ भिंतींचा, आणि चाक आत घातलं. खड्डा जास्त खोल झाला होता, आता ट्रेलर उजवीकडे झुकला. थोडी माती भरायची म्हणून ट्रेलर पुढे काढायला गेले, तर चाक खड्ड्याच्या भिंतीला अडलं आणि जीप जागच्या जागी चाकं फिरवत चिखल उडवायला लागली. माय खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "अवं भैताडे, उतार कुठी ठेवला? जीप काय उडवून काढन त्याले बाहीर? तुये बाबा बैलाच्या अंगानं उतार ठेवत. मागून सरळ, पुढून उतार!" एक्याऐंशी वर्षांची बाई, आठ महिने खुर्चीत नुसत्या डुलक्या घेणारी, ती मला खड्डा कसा खणायचा ते सांगते आहे. मला हसूच फुटलं. ती कधी खड्ड्याकडे बघायची असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटायचं ती फक्त परातीसाठी भांडते.

पुढच्या बाजूनं उतार काढला. तुमचा खड्डा म्हणजे माझा रॅम्पच, फक्त जमिनीत उतरलेला. चाक बाहेर आलं, तळाशी माती घालून दाबली, चाक पुन्हा आत बसवलं. दोन्ही चाकांना तुमच्या पाचरी लावल्या. मग जीप सोडवली आणि पुढचा जॅक फिरवला. अडीच वाजले होते. घामानं निथळत होते, गुडघ्यापर्यंत काळा चिखल. मायला धरून पायरीवरून वर चढवलं. ती पलंगाच्या काठावर बसली, हात लगेच चादरीकडे गेला. इथंही ती आडवी झाली नाही तर मला पुढं काहीच सुचणार नव्हतं, बाबा. एवढं सगळं करून खुर्चीच तिच्या नशिबात राहणार होती. ती म्हणाली, "परात आण."

मी स्टीलची परात दिली, दोन गिलास पाणी ओतलं, ती पलंगावर ठेवली. आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. पाणी थरथरलं, स्थिर झालं, आणि हळूहळू एका अंगाला गेलं. एक काठ ओला, समोरचा काठ कोरडा. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकं. मी म्हणाले, "थांब, थोडी माती काढते." तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे हात पाहिले, पाय पाहिले. मग म्हणाली, "झालं बापा. बराबर आहे. जाय, जेवून घे."

"माय, पाणी तर एकीकडे गेलं आहे."

"बराबर आहे म्हटलं ना." तिनं परात माझ्या हातात दिली. "तुये बाबा बी असेच. बराबर झाल्याबिगर जेवाले येत नव्हते. दोन दोन घंटे खोदत राहत, भाकर थंडी होऊन जाये. मंग मीच म्हणत होती, झालं, मले चांगलं वाटते आता. आन झोपून जात होती."

"म्हणजे बंडी बरोबर होत नव्हती?"

"एकदाबी नाही," ती म्हणाली आणि आडवी झाली. आधी एका हातानं चादर धरून ठेवली, डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. मी परात घेऊन तशीच उभी राहिले. मग तिची मूठ सैल झाली आणि श्वास लांब झाला.

तुम्हाला हे माहीत होतं का, बाबा? का तुम्हीही तिला खूश करायला झालं म्हणत होते आणि भाकर खायला येत होते? आता कोण सांगणार. मला आयुष्यभर वाटत आलं की ती तुमच्या खड्ड्यामुळे झोपायची. आठ महिने मी तिच्यासाठी कठडे आणले, गाद्या आणल्या, माणसं लावली, पण तिच्यासमोर घाम गाळत, उपाशी, कधी बसले नव्हते. तिला माझी दया येईल अशी वेळच मी तिच्यावर आणली नव्हती. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून एवढं मोकळं लिहिते आहे.

ती झोपल्यावर मी पाय न वाजवता बाहेर आले आणि पाणसळ पाहिली. बुडबुडा मधोमध नव्हता. दोन बोटं माती काढली असती तर आला असता, आणि खोटं नाही सांगत, मी फावडं उचललंही होतं. मग ठेवून दिलं, हात धुतले आणि जेवायला बसले.